कपाळावरची झुलपं

हातातली कामं आटपून, नाहीतर कामं करता करताच, रेडिओ लावून बसला असाल. मागच्या वेळी आपण बचत गटाच्या हिशेबवहीविषयी बोललो. आज आम्ही केसांविषयी बोलणार आहोत. तेही सगळ्या केसांविषयी नाही, फक्त कपाळावर येणाऱ्या झुलपांविषयी. हसू नका. या चार बोटांच्या जागेचा इतिहास मोठा आहे, आणि तो आम्हाला आमच्याच गटातल्या एका बैठकीमुळे शोधावासा वाटला.

आमचा गट इचलकरंजीच्या कडेला असलेल्या वस्तीतला. निम्म्या बायका कांडी मशीनवर जातात, काही घरात शिलाई करतात, दोघी-तिघी शेतावर जातात. गटात एक तरुण मैत्रीण आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. पदरात दोन पोरं. वर्षही झालं नसेल, आणि एका बैठकीला ती आली ती कपाळावर केस कापून. भुवईपर्यंत अगदी सरळ, पट्टी लावून कापावेत तसे. घरातल्या कात्रीनंच कापले होते.

बैठकीत कुणी काही बोललं नाही. पण ती गेल्यावर कुजबुज झालीच. "नवरा जाऊन वर्ष न्हाई, आणि हिला फॅशन सुचतीया." आम्हीही तेव्हा गप्प बसलो, ही आमची चूक.

पुढं कर्जाचा अर्ज भरताना ती आमच्याजवळ बसली होती. वैवाहिक स्थितीचा रकाना आला तसा तिनं पेन खाली ठेवला. म्हणाली, "ताई, रस्त्यानं जाताना बायका आधी माझ्या कपाळाकडं बघतात, मग तोंडाकडं. म्हणून केस कापलं. कपाळच दिसलं न्हाई म्हंजे झालं."

ती फॅशन नव्हती, आडोसा होता. तेव्हापासून आम्ही कपाळावरच्या केसांचा मागोवा घेतोय. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

आधी आपली भाषाच बघा. नशीब कुठं लिहिलेलं असतं? कपाळावर. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लेख लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगतात. वाईट झालं की आपण कपाळ बडवून घेतो. आणि नवरा नसलेल्या बाईला काय म्हणतात? पांढऱ्या कपाळाची. पुरुषाच्या कपाळासाठी असा शब्द नाही. बायको गेली तरी त्याच्या कपाळाचा रंग बदलत नाही.

म्हणून बाईचं कपाळ मोकळं दिसायला हवं, अशी रीत पडली. केस तेल लावून चापूनचोपून मागे, मधोमध सरळ भांग, मागे अंबाडा, खोपा नाहीतर वेणी. फणेरपेटीत फणी, करंडा आणि मेणाची डबी असायची. आधी कपाळाला मेण, त्यावर कुंकू. पुढं आलेली बट म्हणजे बाई वेंधळी, नाहीतर उठवळ. "झिपऱ्या सोडून हिंडू नको" हे वाक्य आपल्यातल्या कितीजणींनी लहानपणी ऐकलं असेल! मधला भांग सोडून बाजूला भांग पाडला तरी घरात बोलणी बसायची. त्याला नावच "वाकडा भांग" होतं. वाकडा शब्द केसांना लावलेला असला तरी बोट पोरीच्या चालीकडं असायचं.

याहून कठोर रीत एकोणिसाव्या शतकात होती. ब्राह्मण घरांत, आणि त्यांचं बघून इतर काही जातींतही, नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचे. त्याला केशवपन म्हणत. बारा-तेरा वर्षांच्या पोरीसुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. एकदा करून थांबायचं नाही, केस वाढले की न्हावी पुन्हा दारात. अशा विधवांपैकी कुणी फसवली गेली, गरोदर राहिली, तर तिला थारा नसायचा. त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सरळ विचारलं, की सगळे नियम बायकांनाच का?

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. १८९० साली मुंबईत नाभिक समाजाची माणसं एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे हेच लोखंडे. कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही याच १८९० साली, त्यांच्याच प्रयत्नानं. म्हणजे कामगाराच्या हक्काचं आणि बाईच्या केसांचं काम एकाच माणसानं हातात घेतलं होतं. आम्हा यंत्रमागाच्या गावातल्या बायकांना याचं विशेष वाटतं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. पण एक खरं, की त्या निर्णयातही डोकं बायकांचं होतं आणि बैठक पुरुषांची.

बायकांनी स्वतः ठरवल्याचं उदाहरणही आहे. पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांची ही बहीण. लहान वयात विधवा झाल्या, वपन झालं. पुढं कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, पार अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कितीतरी वर्षं वपन केल्यानंतर त्यांनी केस वाढवायचं ठरवलं. जवळच्या माणसांनाही ते पटकन पचलं नाही. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळं आलं आहे. विचार करा, केस वाढू देणं एवढ्या साध्या गोष्टीला एवढं धैर्य लागत होतं.

आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, आणि १९१९ मध्ये बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. कायद्यानं दार उघडलं. घरातल्या माणसांची नजर बदलायला मात्र अजून वेळ होता.

आता नजर बदलायची तर समोर काहीतरी वेगळं दिसावं लागतं. ते दाखवलं आधी नाटकानं आणि मग सिनेमानं. गंमत बघा, शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या बायका नटण्यासाठी ज्यांचं बघून शिकत, ते होते बालगंधर्व. बाईच्या भूमिका करणारा पुरुष! त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, केसांतला गजरा, सगळं घराघरात गेलं. कारण खऱ्या बाईनं रंगमंचावर येणं चांगलं समजत नव्हते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसुद्धा पुरुषच झाला होता. पुढं कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' या १९२० च्या चित्रपटात बायकांनी कामं केली. १९३२ साली कोल्हापुरातच प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' तयार झाला आणि त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. बाईचं रूप पडद्यावर बाईच्याच हाती आलं.

पण पडद्यावरच्या या नायिकांचंही कपाळ बहुधा मोकळं आणि कुंकवाचं असायचं. कपाळावर केस आले ते १९६० साली. चित्रपट 'लव्ह इन शिमला', दिग्दर्शक आर. के. नय्यर, नायिका साधना. तिचं कपाळ जरा रुंद होतं. कॅमेऱ्यात ते मोठं दिसायला लागलं. हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न कपाळावर केस ठेवायची, ते नय्यर यांना आठवलं आणि साधनाचेही पुढचे केस तसे कापले. झालं! देशभर पोरींनी कात्र्या हातात घेतल्या. आजही आपल्याकडं कपाळावरच्या सरळ केसांना 'साधना कट' म्हणतात, ते यावरून. त्याच १९६० साली बिमल रॉय यांच्या 'परख'मध्ये तीच साधना खेड्यातली साधी पोर झाली, तेव्हा मात्र ही झुलपं नव्हती. साधी मुलगी म्हणजे मोकळं कपाळ, हे गणित सिनेमानंही सोडलं नव्हतं.

हे सगळं आम्ही गटात वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या सगळ्यात थोरल्या आक्का गालातल्या गालात हसायला लागल्या. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "आम्ही पण कापलं हुतं की!" जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितला, दुसऱ्या दिवशी दोघी मैत्रिणींनी गोठ्यात बसून एकमेकींचे केस कापले. घरी आल्यावर आईनं पाठीत दोन घातले आणि खोबरेल थापून, आकडे लावून सगळे केस मागं बांधले. केस वाढेपर्यंत आक्का डोईवरचा पदर पुढं ओढून हिंडत होत्या. "पण एक दिवस," आक्का म्हणाल्या, "एक दिवस मी साधना हुते."

आणि मैत्रिणींनो, आधी कुजबुजणाऱ्यांत याच आक्का पुढं होत्या. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. आपण जे सोसलं ते आपण विसरतो, आणि तीच पट्टी घेऊन दुसरीला मोजायला बसतो.

साधना कट सरळ होता. मग झुलपं तिरकी कधी झाली? तिरका केस तसा जुनाच. १९४० च्या सुमारास अमेरिकेत व्हेरॉनिका लेक नावाची नटी होती. तिचे लांब केस तिरके येऊन एक डोळा झाकायचे. पोरींनी तिची नक्कल केली. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं, पुरुष लढाईवर आणि कारखान्यात बायका. तिरके मोकळे केस यंत्रात अडकायला लागले. शेवटी सरकारनंच त्या नटीला सांगितलं, की बाई, केस बांध, म्हणजे तुझं बघून या पण बांधतील. तिनं बांधले.

ही गोष्ट आपल्या गावाला लागू आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. आज गावभर खडखडाट आहे. कांडी मशीनवर काम करणाऱ्या बाईला माहीत असतं, की कापसाची रुई आधी पुढच्या केसांवर बसते. केसाला तेल असेल तर चिकटूनच राहते. घाम पुसायला हात वर गेला की दोरा तुटतो. आणि वाकून बघताना मोकळी बट फिरत्या भागात गेली तर काय होतं, ते सांगायला नको. तेव्हा कट कुठलाही ठेवा, मशीनवर बसताना डोक्याला रुमाल घट्ट बांधा, वेणी आत खोचा. हे कपाळाच्या रिवाजासाठी सांगत नाही, जिवासाठी सांगतोय.

तिरक्या झुलपांना पुढं जगभर नेलं ते इंग्लंडच्या डायनानं. १९८१ साली तिचं लग्न झालं आणि तिचे आखूड, बाजूला वळवलेले पुढचे केस वर्तमानपत्रांतून सगळीकडं पोचले. मग आपल्याकडं टीव्ही आला, ब्यूटी पार्लर आलं. आधी शहरात, मग तालुक्याला, आता कबनूर, कोरोची, तारदाळसारख्या गावांतही पाटी दिसते. पार्लरमध्ये या झुलपांना फ्लिक्स म्हणतात. सरळ ते फ्रंट फ्लिक्स, तिरके ते साइड फ्लिक्स.

इथं आपल्या गटांचाही इतिहास आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५ साली स्थापन झालं. बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं. त्यानंतर गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेणाऱ्या, शेळ्या घेणाऱ्या बायका झाल्या, तशा पार्लरचा कोर्स करणाऱ्याही झाल्या. म्हणजे बघा, १८९० साली वस्तरा पुरुषाच्या हातात होता. आज कात्री बाईच्या हातात आहे, आणि खुर्चीत बसलेली बाई सांगते की किती कापायचं.

आमच्या गटातल्या पार्लरवाल्या ताईंना आम्ही विचारलं, की सरळ झुलपं तिरकी करायची तर काय करायचं? त्या म्हणाल्या, घाई करायची नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, नाहीतर थोडा जास्त वाढतो. भुवईवरची सरळ झुलपं गालाच्या हाडापर्यंत यायला तीन-चार महिने तरी जातात. तोवर मध्ये कात्री लावायची नाही. केस ओले असतानाच मधला भांग सोडून एका बाजूला भांग पाडायचा आणि झुलपं दुसऱ्या बाजूला विंचरून साधी पिन लावून वाळू द्यायची. केसांना जुन्या वळणाची सवय असते, ती रोज थोडी थोडी मोडावी लागते. पुरेसे वाढले की कडेला तिरके कापून घ्यायचे. मधले दीड-दोन महिने केस ना धड सरळ ना धड तिरके, डोळ्यात जातात. तेवढे दिवस कळ काढायची.

आता शेवटची आणि जवळची गोष्ट. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव आपल्या शेजारचंच. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती, त्याच सुमारास, ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्याकडं सगळा देश बघायला लागला.

ठराव झाला म्हणून लगेच सगळं बदललं, असं आम्ही म्हणणार नाही. मयताच्या घरी अजूनही एखादी म्हातारी पुढं होते आणि बांगड्यांना हात घालते. ठराव कागदावर असतो, नजर माणसांत असते. पण ठराव असला की "असं करू नका" म्हणायला एखादीला आधार मिळतो.

आमच्या गटानं हेरवाडचा ठराव बैठकीत वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, की यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकू करायचं ते गटातल्या सगळ्या बायकांचं. कुणाला वगळायचं नाही. आणि कुणावर बळजबरीही करायची नाही. जिला कुंकू लावून घ्यायचं तिनं लावून घ्यावं, जिला नको तिनं नुसता तिळगूळ घ्यावा. कपाळ तिचं, ठरवणार ती.

ती आमची मैत्रीण येईल की नाही, आम्हाला धाकधूक होती. ती आली. थोडी उशिरा आली आणि दाराजवळच बसली. झुलपं वाढलेली होती. तिनं ती उजवीकडं तिरकी वळवली होती. कपाळ अर्धं दिसत होतं आणि त्यावर छोटी काळी टिकली होती. कुणी काही विचारलं नाही. आक्का उठल्या, तिच्यापुढं जाऊन बसल्या. आम्हाला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे. त्यांनी स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढला, तिच्या त्या तिरक्या केसांत खोचला आणि म्हणाल्या, "डोळ्यात जातील गं. मशीनवर बसतीस न्हवं?" मग तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

एवढंच झालं. तिच्या संसाराचे प्रश्न काही त्यानं सुटले नाहीत. कर्जाचा हप्ता तिला आजही भरावा लागतो, पोरांची फी आहेच. पण हल्ली ती बैठकीत दाराजवळ न बसता मध्ये बसते, आणि अर्जावरचा तो रकाना भरताना पेन खाली ठेवत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वहीचं काम झालं की दहा मिनिटं या विषयाला द्या. दोन गोष्टी एकमेकींना विचारा. लहानपणी केसांवरून तुम्हाला कोण काय बोललं होतं? आणि तेच तुम्ही पुढं कुणाला बोललात का? आमच्या गटात या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी मान खाली घातली होती, आम्हीसुद्धा. तुमच्या गावच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव झाला आहे का, तेही ग्रामपंचायतीत विचारून घ्या. झाला नसेल तर तो मांडायला गटातल्या चौघीजणी मिळून जा. एकटीला पाठवू नका.

येतो आम्ही. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.